सात स्ट्रोक, एक मशीन: बदलत्या स्ट्रोकच्या टॅटू पेनचे परीक्षण

टॅटूचे मशीन विकत घेताना पुण्यातले बहुतेक नवे कलाकार किंमत, वजन आणि बॅटरी एवढेच विचारतात. स्ट्रोकचा आकडा खोक्यावर ठळक छापलेला असला, तरी त्यावरून आपल्या कामात नेमका काय फरक पडणार आहे हे दुकानदारही फारसे सांगत नाही. गेले काही महिने मी ज्या वायरलेस पेन मशीनवर काम करत आहे, त्याची सारी जाहिरात मात्र याच आकड्यावर उभी आहे: २.४ ते ४.२ मिलिमीटर, ०.३ च्या फरकाने सात स्ट्रोक, आणि ते बदलण्यासाठी मशीनच्या पोटावरचे एक कडे फिरवायचे, बस्स. मशीनचे नाव येथे मुद्दामच देत नाही. याच घडणीची मशीने रंग आणि शिक्का बदलून निरनिराळ्या नावांनी विकली जातात, त्यामुळे हे परीक्षण एका कंपनीचे न मानता या जातीच्या मशीनचे मानावे. मला ते साधारण १८,००० रुपयांना पडले.

आधी स्ट्रोक म्हणजे काय ते स्पष्ट केले पाहिजे, कारण त्याविषयीचा गोंधळ अनुभवी लोकांच्या बोलण्यातही दिसतो. सुई एका फेरीत वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढे अंतर जाते, तो स्ट्रोक. माझे पेन रोटरी, म्हणजे फिरत्या मोटरवर चालणारे आहे; अशा मशीनमध्ये मोटरच्या दांड्यावर एक कॅम, म्हणजे छोटी चकती, बसवलेला असतो आणि त्यावरची खुंटी मोटरच्या मध्यापासून थोडी बाजूला असते. ती जेवढी बाजूला, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. म्हणजे ३.५ मिमी स्ट्रोकच्या मशीनमध्ये खुंटी मध्यापासून १.७५ मिमी अंतरावर असते. ही कल्पना फार जुनी आहे. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायली यांनी १८९१ मध्ये टॅटूच्या ज्या विद्युत यंत्राचे पेटंट घेतले, ते एडिसनच्या विजेवर चालणाऱ्या लेखणीवरून घेतलेले होते आणि त्या लेखणीतही छोटी मोटर कॅमच्या साहाय्यानेच सुई खालीवर करत असे. माझ्या मशीनमधले कडे फिरवले की ही खुंटीच मध्यापासून दूर किंवा जवळ सरकते.

सुई कातडीत किती खोल जाते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर स्ट्रोकच्या आकड्यात नाही. ४.२ स्ट्रोक लावला म्हणजे सुई ४.२ मिमी आत जाते असे समजून घाबरणारे शिकाऊ कलाकार मी पाहिले आहेत. शाई साधारण १ ते २ मिमी खोलीवर, म्हणजे वरच्या पातळ थराखालच्या डर्मिसमध्ये बसवायची असते आणि ती खोली ठरते हाताने आणि ग्रिप (मशीन धरायची मूठ) फिरवून सुई कार्ट्रिजच्या (सुया बसवलेल्या, बदलता येणाऱ्या नळीच्या) तोंडाबाहेर किती ठेवली आहे त्यावरून. स्ट्रोक ठरवतो तो दोन टोचण्यांच्या मध्ये सुई कितपत मागे जाते आणि कातडीवर किती वेगाने आदळते हे. समजा, खालच्या टोकाला सुई २ मिमी बाहेर येते. स्ट्रोक ३.० असेल तर परतीच्या वाटेवर ती कार्ट्रिजच्या आत १ मिमी जाईल, ४.२ असेल तर २.२ मिमी जाईल, तेथे तिला शाईही चांगली मिळेल. आता काही जण टोक नीट दिसावे म्हणून सुई ३.५ मिमी बाहेर काढून केवळ हाताच्या अंदाजाने काम करतात. त्यांनी जर २.७ चा स्ट्रोक लावला, तर सुई वर असतानाही ०.८ मिमी बाहेरच राहील. ती कार्ट्रिजच्या आत जाणार नाही, शाई ओढून घेणार नाही, आणि रेघ ओढण्याऐवजी ओरखडा निघेल. मग दोष शाईला दिला जातो.

या मशीनसोबत मिळालेल्या चार पानी माहितीपत्रकात न लिहिलेली, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथेच आहे. कडे फिरवल्यावर मोटरचा मध्य जागचा हलत नाही. स्ट्रोक वाढतो तो वर आणि खाली सारखाच. म्हणून ३.० वरून ४.२ वर गेलात, तर वाढलेल्या १.२ मिमीपैकी निम्मे, म्हणजे ०.६ मिमी, सुईच्या बाहेर येण्यात जमा होतात. एक-दीड मिमी खोलीच्या कामात ०.६ मिमी ही किरकोळ बाब नव्हे. मनगटाच्या आतल्या बाजूला तेवढ्याने रेघ पसरून निळसर धूर झाल्यासारखी दिसते, ज्याला आपण ब्लोआउट म्हणतो. त्यामुळे या जातीच्या मशीनवर प्रत्येक वेळी स्ट्रोक बदलल्यावर ग्रिप फिरवून सुईची लांबी पुन्हा लावली पाहिजे. स्ट्रोक कमी केला, तर याच्या उलट: सुई आत जाते आणि शाई बसत नाही म्हणून कलाकार हात दाबू लागतो.

छापलेल्या आकड्यांवर माझा विश्वास नव्हता, म्हणून भोसरीला एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या मित्राकडे मशीन नेले. त्याने वरचे आवरण काढले, पेन व्हाइसमध्ये नरम जबड्यांत धरले, प्लंजरवर (सुईला ढकलणाऱ्या दांडीवर) डायल गेज टेकवला आणि मोटर बोटाने सावकाश फिरवत प्रत्येक टप्प्याचे माप घेतले. मधले टप्पे, म्हणजे ३.० पासून ३.६ पर्यंतचे, गेजवर जवळपास छापल्याप्रमाणेच आले. ४.२ चा टप्पा मात्र ४.० च्या थोडा पुढे जाऊन थांबला. मशीन टोचत असताना काय होते हे या मापातून कळत नाही, पण एवढे नक्की कळते की सर्वांत लांब स्ट्रोकसाठीच हे मशीन घेणाऱ्याला पैशांचा पुरता मोबदला मिळणार नाही. त्या मित्राचा दुसरा आक्षेप असा होता की कडे प्रत्येक टप्प्यावर ज्या खाचेत बसते ती उथळ आहे. वापराने झिजली, तर चालू कामात टप्पा सरकू शकेल. अजून तसे झालेले नाही.

आता प्रत्यक्ष काम. आपल्याकडे स्ट्रोकची परीक्षा घ्यायला राजमुद्रेसारखे दुसरे काम नाही, आणि पुण्यात त्या कामाला तोटाही नाही. बाहेरच्या अष्टकोनाच्या सरळ, जाड बाजू आणि आतली बारीक जोडाक्षरे, या दोन्हींना लागणारा स्ट्रोक एकमेकांपासून बराच दूर आहे. अष्टकोनासाठी मी नऊ सुयांचा राउंड लायनर (रेघांसाठी गोल जुळवलेल्या सुयांचा जुडगा) आणि ४.२ स्ट्रोक लावतो. जितक्या सुया अधिक, तितका कातडीचा विरोध अधिक. लांब स्ट्रोकमध्ये सुई कातडीला भिडते तेव्हा तिला पुरेसा वेग आलेला असतो आणि ती अडखळत नाही. रेघ एका दमात, कडा स्वच्छ ठेवून निघते आणि तीच रेघ पुन्हा गिरवावी लागत नाही. हेच काम ३.० वर करून पाहिले, तेव्हा रेघ आली खरी, पण हात इतका हळू न्यावा लागला की अष्टकोनाच्या लांब बाजूवर बारीक कंप उमटला.

आतल्या अक्षरांचे गणित निराळे आहे. 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' हा शब्द दंडाच्या मापात बसवायचा, तर 'ष्णु'च्या पोटातली जागा तांदळाच्या कणीएवढी उरते. तेथे शाई थोडी जरी पसरली, तरी वर्षभरात 'ष्णु'चा ठिपका होतो. अशा अक्षरांसाठी तीन सुयांचा लायनर आणि ३.३ चा स्ट्रोक मला सर्वांत भरवशाचा वाटला. मार थोडा सौम्य बसतो आणि सुईचा मागे जाण्याचा प्रवास कमी असल्याने टोक नजरेआड होत नाही, त्यामुळे वळणे डोळ्यांनी पाहून घेता येतात. शिरोरेषा मात्र मी ३.६ वर नेऊन ओढतो. लेटरिंग करणारे काही जण संपूर्ण काम एकाच स्ट्रोकवर करतात आणि चांगले करतात. परंतु देवनागरीत एकाच शब्दात लांब आडवी रेघ आणि इवलीशी गाठ शेजारी शेजारी येतात, हे रोमन लिपीसाठी सल्ला देणाऱ्या परदेशी व्हिडिओंमध्ये गृहीत धरलेले नसते.

शेडिंगला हे मशीन खरोखर खुलते. महाराजांचे, आईवडिलांचे किंवा विठ्ठलाचे चित्र करताना गालावरची छाया थरावर थर चढवत न्यावी लागते आणि एकाच जागेवरून अनेकदा फिरावे लागते. २.७ ते ३.० च्या दरम्यान सुईचा मार इतका सौम्य असतो की पातळ केलेली शाई धुक्यासारखी बसते आणि कातडी लवकर लाल होत नाही. आपल्या सावळ्या कातडीला याचे मोल अधिक आहे. ती जास्त कुरतडली गेली, तर व्रण जाड होण्याचा किंवा जागा काळवंडण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा मोठा असतो. मऊ कडांचा मॅग्नम (पसरट ओळीत लावलेल्या सुयांचा जुडगा), ३.० स्ट्रोक आणि घाई न करणारा हात, एवढ्यावर माझी बहुतेक पोर्ट्रेट होतात.

रंग भरताना हाच सौम्यपणा आड येतो. भगव्या झेंड्याची मागणी आमच्याकडे बारमाही असते आणि मोठा सपाट भाग भगव्याने भरायचा, तर ३.६ ते ३.९ हवाच. मॅग्नममध्ये दहा-पंधरा सुया एकदम शिरतात. स्ट्रोक आखूड असेल, तर हात पुढे सरकतो तेव्हा त्या पुरत्या बाहेर आलेल्या नसतात आणि कातडी ओढली जाते. रंग भरल्यासारखा दिसतो, पण खपली पडल्यावर जागोजागी भोके उरतात. येथे ग्राहकांच्या एका समजुतीविषयी सांगितले पाहिजे. पिवळा किंवा फिकट रंग सावळ्या हातावर उठत नाही म्हणून अधिक जोराने भरा, असा आग्रह होतो. रंग डर्मिसमध्ये असतो आणि आपण तो वरच्या थरातील मेलॅनिनच्या पडद्यातून पाहतो. पडदा सावळा असेल, तर पिवळा मातकट दिसणारच. त्यावर स्ट्रोक वाढवणे हा उपाय नाही. रचना बदलून काळ्याच्या शेजारी रंग ठेवणे हा उपाय आहे.

व्हिप शेडिंग (मनगटाच्या झटक्याने दिलेली छाया) आणि डॉटवर्क (ठिपक्यांचे काम) यांबाबत माझा समज या मशीनने बदलला. छाया म्हटली की आखूड स्ट्रोक, असा सरधोपट नियम मी पाळत असे. पण मंडलात किंवा जुन्या गोंदणाच्या धर्तीवरच्या नक्षीत दिसणारे सुटे, खडबडीत ठिपके हवे असतील, तर ४.२ स्ट्रोक आणि मोटरचा वेग कमी, ही जोडी उत्तम जमते. सुई प्रत्येक टोचणीनंतर कातडी पुरती सोडून बाहेर येते, दोन ठिपक्यांमधली जागा मोकळी राहते आणि मनगटाला झटका देताना शेपटाकडे ठिपके विरळ होत जातात. आखूड स्ट्रोकवर तेच ठिपके एकमेकांत मिसळून राखाडी डाग होतात.

सर्वांत आखूड, २.४ चा टप्पा मला टॅटूसाठी निरुपयोगी वाटला. भुवयांचे कॉस्मेटिक काम करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल.

व्होल्टेजचा, म्हणजे मोटरच्या वेगाचा, विचार केल्याशिवाय स्ट्रोकविषयी बोलणे अपुरे आहे. मोटर सेकंदाला १०० फेऱ्या घेत असेल, तर ३.० च्या स्ट्रोकवर सुई सेकंदाला येऊन-जाऊन ६०० मिमी प्रवास करते; त्याच व्होल्टेजवर कडे ४.२ ला नेले, तर ८४० मिमी. म्हणजे कडे फिरवताच मारही वाढतो, आणि पूर्वीइतकाच मार हवा असेल, तर फेऱ्या सुमारे ७१ वर आणाव्या लागतात. पण फेऱ्या कमी झाल्या की हातही त्याच प्रमाणात हळू व्हायला हवा. हात सेकंदाला २० मिमी सरकत असेल, तर १०० फेऱ्यांवर दोन टोचण्यांत ०.२ मिमी अंतर पडते, ७१ वर ०.२८, लायनिंगमध्ये हा फरक रेघेच्या भरीवपणात दिसतो. स्ट्रोक, फेऱ्या आणि हाताचा वेग या तिन्ही गोष्टी बरोबरीने बदलाव्या लागतात, आणि या मशीनच्या पडद्यावर केवळ व्होल्ट दिसतात, फेऱ्या दिसत नाहीत, ही माझ्या मते त्याची मोठी उणीव आहे. एका मशीनचे ७ व्होल्ट दुसऱ्याच्या ७ व्होल्टशी जुळत नाहीत. दुसऱ्या कलाकाराने सांगितलेला आकडा जसाच्या तसा लावून काहीच साधत नाही.

कॉइल मशीनवर, म्हणजे विद्युतचुंबकाने सुई हलवणाऱ्या जुन्या मशीनवर, शिकलेल्या जुन्या मंडळींना हे सगळे उलटे वाटते, आणि त्याला कारण आहे. कॉइलमध्ये आर्मेचर बार (सुई हलवणारी लोखंडी पट्टी) आणि कॉइल यांच्यातली फट लायनरला कमी आणि शेडरला जास्त ठेवण्याची रीत होती. लायनर आखूड आणि वेगवान, शेडर लांब आणि संथ. रोटरी पेनवर लांब स्ट्रोक लायनिंगकडे गेला. कॉइलमधल्या स्प्रिंगची लवचीकता आणि मार करण्याची पद्धत वेगळी असल्याने दोन्हींचे आकडे समोरासमोर ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

तक्रारी आहेत. पहिली, आणि रोज जाणवणारी, ही की स्वच्छतेसाठी मशीनवर प्लॅस्टिकचे आवरण आणि ग्रिपवर चिकट पट्टी चढवल्यावर कड्यावरचे आकडे झाकले जातात. शाईने माखलेल्या हातमोज्याने ते आवरणावरून फिरवायचे म्हटले, तर कितव्या खाचेवर आलो ते बोटांना कळत नाही, आणि आवरण सुरकुतून फाटले तर ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मशीन चालू असताना कडे फिरवू नये, अशी सूचना माहितीपत्रकात आहे. ती पाळायलाच हवी. परिणामी एका बैठकीत स्ट्रोक वारंवार बदलता येतो ही जाहिरात कागदावरच राहते. व्यवहारात मी आधी सगळे लायनिंग उरकतो, मशीन पुसून आवरण बदलतो, मग शेडिंगचा स्ट्रोक लावून सुईची लांबी नव्याने ठरवतो.

दुसरी गोष्ट कार्ट्रिजची. कार्ट्रिजच्या आत सुईला मागे ओढणारा पडदा असतो. शाई आणि रक्त मशीनमध्ये शिरू न देण्याचे कामही तोच करतो. स्ट्रोक लांब केला की हा पडदा प्रत्येक फेरीत अधिक ताणला जातो. स्वस्त कार्ट्रिज ३.० वर निमूट चालतात आणि ४.२ वर नेताच सुई परत येण्यात मागे पडते, शाई उडते, आवाज बदलतो. मशीनला नावे ठेवण्यापूर्वी चांगल्या पडद्याचे कार्ट्रिज लावून पाहावे.

स्थिर स्ट्रोकच्या नावाजलेल्या मशीनशी तुलना अपरिहार्य आहे. बिशप कंपनीचे वाँड ५.०, ४.२ आणि ३.५ अशा तीन वेगळ्या स्ट्रोकमध्ये मिळते, लायनर, पॅकर (रंग भरण्यासाठी) आणि शेडर म्हणून. शायन कंपनीच्या हॉक पेनने तर ३.५ या एकाच स्ट्रोकवर जगभर नाव कमावले. त्यांच्यात हलणारे भाग कमी, कंप कमी आणि स्ट्रोक सरकण्याची धास्ती नाही. किमती मात्र माझ्या मशीनच्या कित्येक पट. ज्याची शैली ठरलेली आहे, म्हणजे जो वर्षभर पोर्ट्रेटच करतो किंवा जो जाड रेघांच्या कामासाठीच ओळखला जातो, त्याने स्थिर स्ट्रोकचे एक चांगले मशीन घ्यावे. सातपैकी पाच टप्प्यांना तो कधी हात लावणार नाही. बदलत्या स्ट्रोकचे मशीन त्याच्यासाठी आहे, ज्याला आपला हात कोणत्या स्ट्रोकवर रमतो हे अजून कळलेले नाही, किंवा ज्याच्याकडे एका दिवसात राजमुद्रा, मंडल आणि बोटावरचे नाजूक नाव अशी तिन्ही गिऱ्हाइके येतात. माझ्या वापरात शेवटी ३.०, ३.६ आणि ४.२ हे तीनच टप्पे नेहमीचे उरले, अक्षरांपुरता ३.३ चा अपवाद सोडला तर. पूर्णतः नवशिक्याला मी सांगेन की सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर ३.६ ला कडे ठेवून आधी हात बसवावा आणि रेघ स्थिर झाल्यावरच दुसऱ्या टप्प्याकडे वळावे. रोज टप्पा बदलणाऱ्याला आपली चूक हाताची की मशीनची, हे समजायला मार्ग राहत नाही.

बॅटरीविषयी तक्रार नाही. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवली जाते त्या दिवशीही दुपारची बैठक पार पडते, आणि लटकणारी वायर नसल्याने पाठीचे काम सोपे जाते. मात्र बॅटरी मागे बसते आणि मशीनचा तोल तिच्याकडे झुकतो. दोन तासांच्या पुढे शेडिंग चालले, तर अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो. जाड ग्रिप लावल्याने तो बराच कमी झाला. दुरुस्तीचा विचार मात्र घेण्याआधीच करावा. जुन्या मशीनची केबल, पेडल किंवा पॉवर सप्लाय बिघडला, तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तासाभरात काम होत असे. या पेनमधली मोटर, तिचे सर्किट आणि स्ट्रोकचे कडे एकात एक बसवलेले आहेत; तेथील कारागीर चार्जिंगच्या जागेचे डाग देऊन देतात, कड्याला हात लावत नाहीत. म्हणून दुकानदाराकडून कॅम आणि कड्याचा सुटा संच मिळतो का, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे, आणि मिळत असेल तर तो मशीनबरोबरच घ्यावा.